कागदी मॉडेल्स: हत्यारे आणि साहित्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेचा प्रोजेक्ट, गणपतीची आरास, दिवाळीचा किल्ला किंवा निव्वळ छंद म्हणून कोल्हापुरात कागदी मॉडेल करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. कागदी मॉडेलमध्ये जे बिघडते, त्यातले बरेचसे पाण्यामुळे बिघडते: गोंदातले पाणी, शाईतले पाणी, हवेतले पाणी. हत्यार साधे असले तरी चालते, पण पाण्याचा हिशेब चुकला की महागड्या हत्यारानेही मॉडेल सरळ उभे राहत नाही.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावे?

९ मिमी पात्याचा कटर आणि सोबत पात्यांची एक जादा डबी, ३० सेंमीची स्टीलची पट्टी, ए-४ किंवा ए-३ मापाची कटिंग मॅट, फेव्हिकॉल एमआरची लहान बाटली, टूथपिकची डबी, बारीक टोकाचा चिमटा, संपलेली बॉलपेनची रिफिल आणि १६० ते १८० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे काय, ते खाली येते) दहा-वीस कागद. पहिली तीन-चार मॉडेल्स एवढ्यावर होतात.

महाद्वार रोड आणि राजारामपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत यातले बहुतेक मिळते. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचे साहित्य ठेवणाऱ्या दुकानात मॅट आणि चांगला बोर्ड मिळण्याची शक्यता जास्त. चिमटा मात्र स्टेशनरीतला घेऊ नका, त्याची टोके जुळत नाहीत. सोनारकामाचा चिमटा घ्या. गुजरीच्या परिसरात चौकशी केली तर मिळेल. दुकानातच टोके मिटवून उजेडाकडे धरून बघा. मधून उजेड दिसला तर दुसरा मागा.

पैसे वाचवायचेच असतील तर मॅटवर वाचवा. २ मिमीचा जाड पुठ्ठा मॅट म्हणून काही दिवस चालतो, फक्त चिरा पडल्या की पालटायचा. पाती आणि कागद यांच्यावर वाचवू नका.

सर्जिकल ब्लेड चांगले की साधा कटर?

सरळ रेघा आणि पुठ्ठा यांसाठी कटर, खिडक्या आणि बारीक वळणांसाठी सर्जिकल ब्लेड. सीपीआर रुग्णालयासमोरच्या किंवा कुठल्याही सर्जिकल साहित्याच्या दुकानात ३ नंबरचे हँडल आणि ११ नंबरची पाती मागा. ११ नंबरचे पाते सरळ धारेचे आणि अणकुचीदार असते, त्यामुळे कोपऱ्यात नेमके थांबता येते. ३ नंबरच्या हँडलला १०, ११, १५ ही पाती बसतात. २० ते २४ नंबरची पाती ४ नंबरच्या हँडलची असतात. ती चुकून घेतली तर बसणार नाहीत.

पाते काढताना बोटांनी ओढू नका. पक्कडीने पात्याची मागची बाजू किंचित उचला आणि टोक अंगापासून दूर ठेवून पुढे सरकवा. जुनी पाती आणि कटरचे तोडलेले तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत साठवा आणि डबी भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून सुक्या कचऱ्यात वेगळी सांगून द्या. सुटे पाते कचऱ्यात टाकले तर ते घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.

पाते कधी बदलायचे?

कापताना कागदाचा आवाज बदलला की. धारदार पाते जवळपास आवाज करत नाही. बोथट पाते खरवडल्यासारखा आवाज करते आणि कोपऱ्यात कागदाचा केसाळ धागा उरतो. पातळ कागदावर एक टोक चार-पाच पाने चालते. १ मिमी पुठ्ठ्यावर प्रत्येक पानाला नवे टोक घ्या. बोथट पात्याने काम करताना हात आपोआप जोर लावतो आणि पाते तेव्हाच पट्टीवरून निसटते. बोट कापते ते बहुतेक वेळा बोथट पात्याने.

सरळ कापले तरी कडा तिरकी का येते?

पाते बाजूला कलंडलेले असते म्हणून. पातळ कागदात हे कळत नाही, १ मिमी पुठ्ठ्यात लगेच दिसते: वरची रेघ बरोबर आणि खालची अर्धा मिमी आत. पट्टीच्या समोर बसा, कोपर अंगाजवळ ठेवा आणि पाते उभे धरा. एका दमात कापायचे नाही. पहिला हात फक्त रेघ उमटवण्यापुरता, त्यानंतर हलके पाच-सहा हात.

पट्टी सरकत असेल तर तिच्या खाली दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा एकेक तुकडा लावा. पट्टी नेहमी मॉडेलच्या भागावर ठेवावी, टाकाऊ बाजूवर नाही; मग पाते घसरले तरी घाव टाकाऊ कागदावर पडतो. आधी आतल्या खिडक्या कापा, मग बाहेरची कड. उलटे केले तर सुटलेला लहान तुकडा धरायला जागा उरत नाही. गोलाईत हात फिरवू नका, कागद फिरवा.

कोणता कागद घ्यावा? जीएसएम म्हणजे नेमके काय?

एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. ए-४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे घरीच तपासता येते. दहा ए-४ कागद स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला १.६ ने गुणा. १०० ग्रॅम आले तर कागद १६० जीएसएमचा, ५० आले तर साधा ८० चा झेरॉक्स पेपर. सुट्या कागदाच्या बाबतीत दुकानदाराच्या अंदाजापेक्षा काटा खरा.

८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तो बारीक नळ्या, कठडे आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची पाने यांसाठी. १२० चा लहान गोलाईच्या भागांसाठी. इमारतीच्या भिंती, छप्पर, बहुतेक सगळे मॉडेल १६० ते २०० मध्ये होते, त्याची जाडी ०.२ मिमीच्या आसपास. २५० च्या वरचा कागद मोठ्या सपाट भागांसाठीच ठेवा. त्याची लहान घडी फुटते आणि लहान टॅब (चिकटवण्यासाठी कडेला ठेवलेली दुमडपट्टी) उलटा फुगून राहतो.

आर्ट कार्ड, म्हणजे चकचकीत लेपाचा कागद, टाळा. इंकजेटची शाई त्यावर सुकत नाही, फेव्हिकॉल लवकर धरत नाही आणि घडीवर लेप तडकतो. बिनलेपाचा आयव्हरी किंवा साधी पांढरी कार्डशीट चांगली. २२ बाय २८ इंचांची पूर्ण शीट घेत असाल तर दुकानात घडी घालू देऊ नका, सैल गुंडाळी करून आणा आणि घरी लगेच सपाट ठेवा.

जुन्या लग्नपत्रिका सरावासाठी उत्तम. त्यांत वेगवेगळ्या जाडीचा कागद फुकट मिळतो. सोनेरी किंवा प्लॅस्टिकचा थर असलेल्या पत्रिका मात्र चिकटत नाहीत.

कागदाची दिशा बघायची म्हणजे काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने आडवे होतात. त्या दिशेला समांतर कागद सहज वाकतो आणि घडी स्वच्छ पडते. त्या दिशेला आडवी घडी घातली तर कागद विरोध करतो आणि घडीच्या धारेवर तंतू फुटतात. शिवाय ओल लागली की कागद तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत वाढतो.

ओळखायचे कसे? त्याच कागदाच्या २ सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब दोन पट्ट्या कापा, एक उभ्या दिशेने, एक आडव्या. दोन्ही एकत्र एका टोकाला धरा. जी जास्त लोंबते तिच्यात तंतू पट्टीच्या रुंदीला समांतर आहेत. जी ताठ राहते तिच्यात लांबीला. दुसरी रीत: टाकाऊ तुकड्याची एकच बाजू ओल्या बोटाने पुसा. कागद लगेच गुंडाळू लागतो आणि त्या गुंडाळीचा अक्ष म्हणजे तंतूंची दिशा.

उपयोग असा: बुरूज, मिनार, खांब, तोफेची नळी, जे काही गोल गुंडाळायचे असेल त्यात तंतू नळीच्या लांबीला समांतर हवेत. उलटे झाले तर नळीवर उभ्या चपट्या पट्ट्या पडतात आणि कितीही काळजी घेतली तरी ती गोल दिसत नाही. पुठ्ठ्याच्या लांब सांगाड्यातही तंतू लांबीला समांतर ठेवा. बाजारात मिळणाऱ्या ए-४ कागदात तंतू बहुधा लांबीला समांतर असतात, पण मोठ्या शीटमधून आपण ए-४ कापले तर दिशा आपल्या हातात असते. शीट कापण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलने बाण काढून ठेवा.

झेरॉक्स सेंटरमधून प्रिंट काढली, पण भाग एकमेकांत बसत नाहीत. का?

पहिले कारण: प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ चालू राहिले. ‘ॲक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के निवडायला सांगा आणि पहिले पान हातात आल्यावर तिथेच पट्टीने मोजा. आराखड्यावर (मॉडेलचे भाग काढलेल्या पानावर) १०० मिमीची मोजरेघ नसेल तर आधीच फाइलमध्ये टाकून घ्या. अमेरिकी आराखडे २१६ बाय २७९ मिमीच्या लेटर कागदासाठी असतात, ए-४ २१० बाय २९७ मिमी. लेटर पान ए-४ पेक्षा ६ मिमी रुंद असते, म्हणून कडेचा भाग कापला जात नाही ना, हे बघा.

दुसरे कारण लक्षात येत नाही: काही पाने एका दुकानातून, काही दुसऱ्या दिवशी दुसरीकडून. लेझर प्रिंटर कागद तापवतो, कागदातली ओल उडते आणि तो किंचित आकसतो, तेही दोन दिशांना वेगवेगळे. ए-४ च्या लांबीत अर्धा मिमी फरक पडला तरी छप्पर भिंतींवर बसत नाही. एका मॉडेलची सगळी पाने एकाच यंत्रावर, एकाच बैठकीत, एकाच दिशेने घाला.

आपला कागद आपण घेऊन जा. पुढच्या ट्रेमधून जाणारा कागद बऱ्याच यंत्रांत पूर्ण उलटा वळतो आणि जाड कागद तिथे अडकतो किंवा बाक घेतो. मागच्या किंवा बाजूच्या सरळ ट्रेमधून घालायला सांगा आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘थिक’ निवडायला लावा. नाहीतर टोनर नीट भाजला जात नाही आणि नखाने निघतो.

इंकजेट चांगली की लेझर?

इंकजेटचे रंग मऊ दिसतात आणि घडीवर तडकत नाहीत. तोटा एकच, बहुतेक रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या असतात. गोंदाचे ओले बोट लागले की डाग. लेझरचा टोनर पाण्याला भीत नाही, पण घडीवर भुकटी होऊन सुटतो आणि पांढरी रेघ उरते. ती रंगीत पेन्सिलीने भरता येते.

इंकजेट वापरत असाल तर कापण्याआधी ॲक्रिलिकच्या पारदर्शक स्प्रेचे दोन-तीन हलके हात द्या. अंतर २५ ते ३० सेंमी, दोन हातांमध्ये पंधरा मिनिटे. एकदम भिजवला तर कागद चकाकतो आणि टॅब चिकटत नाहीत. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारू नका. थर दुधाळ, धुरकट पडतो आणि तो पुसून जात नाही. खिडक्या उघडून, नाकाला मास्क लावून, विस्तवापासून दूर मारा.

घडी स्वच्छ पडण्यासाठी काय करावे?

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्या. स्टीलच्या पट्टीला लागून संपलेली रिफिल दोनदा फिरवा. शाई शिल्लक नाही ना, हे आधी रद्दीवर बघा. कागद कापला जाता कामा नये, फक्त खाच पडली पाहिजे.

खाच कोणत्या बाजूला, यात गफलत होते. घडी घातल्यावर जी बाजू बाहेर राहणार, तिच्यावर खाच हवी. भिंतीचा कोपरा बाहेर येत असेल तर छापील बाजूवर; आत जात असेल तर मागच्या बाजूवर. मागच्या बाजूवर रेघ दिसत नाही, म्हणून छापील बाजूने रेघेच्या दोन्ही टोकांना सुईने टोचा आणि मागून ती दोन भोके पट्टीने जोडा.

२५० जीएसएमच्या वरच्या कागदाला आणि पुठ्ठ्याला रिफिल पुरत नाही. तिथे बाहेरच्या बाजूने पात्याने निम्म्या जाडीपर्यंत हलका छेद द्या. सगळ्या घड्या भाग सुटा करण्याआधी, पान अखंड असतानाच दाबून घ्या. नंतर लहान तुकडा पट्टीखाली धरता येत नाही.

कोणता गोंद? फेव्हिकॉल लावला की कागद सुरकुततो.

सुरकुततो तो पाण्याने. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये भरपूर पाणी असते, ते कागदात शिरते, कागद रुंदीत वाढतो आणि सुकताना वेडावाकडा आकसतो. उपाय गोंद बदलणे नाही, गोंद कमी लावणे.

टोपणात किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मटारच्या दाण्याएवढा फेव्हिकॉल काढा. टूथपिकच्या टोकाने टॅबवर पसरवा, इतका पातळ की खालचा कागद दिसत राहिला पाहिजे. अर्धा मिनिट थांबा. चकाकी जाऊन तो चिकट झाला की भाग दाबा आणि वीस-तीस सेकंद धरा. दाबल्यावर कडेने पांढरे बाहेर आले तर जास्त झाले. ते बोटाने पुसू नका, कोरड्या टूथपिकने उचला. मोकळ्या हवेत जोड काही मिनिटांत धरतो, पण पूर्ण ताकद यायला एक दिवस लागतो. पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ द्या.

एमआर कागदासाठी पुरतो. एसएच सुतारकामाचा, घट्ट असतो. पुठ्ठ्याच्या सांगाड्याला तो उत्तम. फेव्हिस्टिकसारखी कांडी मोठ्या सपाट पानांना सोयीची आणि लहान मुलांच्या हातात सुरक्षित, पण टॅब वर्षभरात सुटू लागतात. फेव्हिबाँडमध्ये पाणी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर पान चिकटवायला तो सर्वांत बरा. दोन्ही बाजूंना पातळ हात, हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुमारे दहा मिनिटे थांबणे आणि मग एकदाच नेमके बसवणे. बसवल्यावर सरकवता येत नाही. त्याचा वास डोक्यात जातो, खिडकी उघडी ठेवा.

फेव्हिक्विक जोडायला वापरू नका. कागद ते शोषून घेतो, काळपट डाग पडतो आणि जोड ठिसूळ होतो. त्याचा खरा उपयोग वेगळाच: पुठ्ठ्याच्या बारीक भागांच्या कडांना एक थेंब मुरवला की कड टणक होते आणि सॅंडपेपरने घासता येते.

कणकेची खळ आकाशकंदिलाला ठीक, मॉडेलला नाही. ती पाण्याने भरलेली असते आणि तिच्यावर कसर व झुरळे येतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे. मुले असतील तिथे ते काढूच नका.

पुठ्ठ्यावर पान चिकटवले की पुठ्ठा बाक घेतो.

एकाच बाजूला ओला कागद लागला म्हणून. फेव्हिकॉलच वापरायचा असेल तर मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कोरा कागद, त्याच तंतूदिशेने, त्याच वेळी चिकटवा. दोन्हीकडून ओढ सारखी बसते. मग वर-खाली कोरे कागद घालून जड वस्तूखाली रात्रभर ठेवा. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून लोखंडी पट्टीचे दोन-तीन सपाट तुकडे मिळाले तर यासाठी छान. त्यांचा गंज मॉडेलला लागू नये म्हणून त्यांना वर्तमानपत्रात नको, कोऱ्या कागदात गुंडाळा, कारण वर्तमानपत्राची शाई उमटते.

सांगाड्यासाठी पुठ्ठा किती जाड?

आराखड्यात लिहिला असेल तेवढाच. लिहिलेले नसेल तर एकमेकांत अडकणाऱ्या खाचांची रुंदी मोजा; तीच पुठ्ठ्याची जाडी. खाच १ मिमीची आणि पुठ्ठा १.२ चा असेल तर सांगाडा फुगतो आणि वरचे कातडे (बाहेरचा छापील कागद) बंद होत नाही. व्हर्निअर नसेल तर दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. त्यात छापील पानाची जाडी धरायला विसरू नका. राखाडी ग्रे बोर्ड सगळ्यांत चांगला. पिवळा पुठ्ठा स्वस्त, पण ठिसूळ आणि ओल धरणारा. वहीच्या मागचा पुठ्ठा लहान कामाला चालतो.

मॉडेल लहान-मोठे करायचे असेल तर टक्के कसे काढायचे?

जुने प्रमाण भागिले नवे प्रमाण, गुणिले १००. १:१०० चे १:१५० करायचे तर ६७ टक्के. १:२५ चे १:३३ करायचे तर ७६ टक्के. कागदाची जाडी मात्र आपोआप बदलत नाही. निम्मे केले तर १ मिमीच्या खाचा अर्ध्या मिमीच्या होतात आणि टॅब इतके बारीक होतात की चिमट्याशिवाय दुमडत नाहीत. पहिल्यांदा करत असाल तर मूळ मापातच करा.

गोल बुरूज, घुमट आणि अष्टकोन यांची मापे कशी काढायची?

नळीसाठी व्यासातून कागदाची जाडी वजा करून ३.१४ ने गुणा. बाहेरून २० मिमीचा बुरूज ०.२ मिमी कागदात करायचा तर १९.८ गुणिले ३.१४, म्हणजे ६२.२ मिमी. जोडाला टॅब आत वळवू नका, त्याचा उंचवटा बाहेरून दिसतो. कडा एकमेकींना भिडवा आणि आतून वेगळी पट्टी लावा.

शंकूसाठी: तळाची त्रिज्या भागिले तिरकी उंची, गुणिले ३६०. त्रिज्या १५ आणि तिरकी उंची ४५ मिमी असेल तर १२० अंशांचा पंखा कापायचा.

न्यू पॅलेससारख्या इमारतीत अष्टकोनी भाग येतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर गुणिले ०.४१४ म्हणजे एका बाजूची लांबी. ४० मिमीच्या अष्टकोनाला प्रत्येक बाजू १६.६ मिमी. आठही भिंती एकाच पट्टीत काढा आणि आत पुठ्ठ्याची अष्टकोनी चकती वर आणि खाली बसवा. चकतीशिवाय अष्टकोन पिळला जातो.

गुंडाळण्याआधी कागदाला वळण द्या. तळहातावर मऊ कापड, त्यावर कागद छापील बाजू खाली, आणि वरून जाड पेन्सिल फिरवा. मग बारीक, मग त्याहून बारीक. विणकामाच्या सुया आणि छत्रीची तार या कामाला जवळ ठेवा. गोंद लागण्याआधीच कागद स्वतःहून गोल राहिला पाहिजे. गोंदाच्या जोरावर वळवलेला कागद रात्रीत उघडतो.

कापलेल्या पांढऱ्या कडा दिसतात. काय करावे?

चिकटवण्याआधी रंगवा. रंगीत पेन्सिलीची बाजू कडेवर मागून पुढे फिरवा, किंवा जवळपास कोरडा ब्रश जलरंगात बुडवून तसाच ओढा. स्केचपेन कडेतून आत पसरते, ते टाळा. काळ्या दगडाच्या इमारतीला काळी कड देऊ नका, प्रत्येक जोड शाईने आखल्यासारखा दिसतो. छापील रंगापेक्षा एक पायरी गडद करडा घ्या.

पावसाळ्यात कागद सांभाळायचा कसा?

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात उघडा ठेवलेला कार्ड एका रात्रीत बाक घेतो. रीम मूळ वेष्टनातच, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधून, कपाटात आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. लागतील तेवढेच कागद आदल्या दिवशी बाहेर काढा, म्हणजे ते खोलीच्या हवेशी जुळतात. बाक आलेला कागद सुती कापडाखाली, वाफ बंद करून, कोमट इस्त्रीने सरळ होतो. हे छापण्याआधी करा, छापल्यानंतर नाही.

पंखा थेट मॉडेलवर सोडू नका. एक बाजू आधी सुकते आणि भिंत पिळते. तयार मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. तो तवा स्वयंपाकाला नको.

दिवाळीच्या किल्ल्यावर कागदी बुरूज आणि वाडे टिकतील का?

टिकतील, पण ओल्या मातीवर थेट ठेवले तर दुसऱ्या दिवशी तळ मऊ होऊन खचतात. किल्ल्याच्या मातीत आणि गोणपाटात पाणी असते, त्यात अळीव किंवा मोहरी पेरली असेल तर रोज शिंपडलेही जाते. कागद ते पाणी तळापासून वर ओढतो.

प्रत्येक इमारत ३ मिमी सनबोर्डच्या (प्लॅस्टिक फोमच्या हलक्या बोर्डच्या) तुकड्यावर चिकटवा. तुकडा इमारतीपेक्षा चहूबाजूंनी ५ मिमी मोठा ठेवा आणि ती कड कोरड्या मातीने किंवा लाकडाच्या भुशाने झाका. भिंतींच्या खालच्या २ सेंमी भागाला आतून-बाहेरून वॉर्निशचे दोन हात द्या. माती थापून दोन दिवस झाल्यावरच इमारती मांडा आणि दव पडते म्हणून रात्री घरात घ्या. पणती कागदापासून किमान एक फूट दूर. कमानीखाली किंवा बुरुजाच्या आत पणती कधीही नको; तिथे एलईडीची माळ घाला.

गणपतीच्या आरासीसाठी थर्माकोलऐवजी कागद चालेल का?

महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे आणि खोक्याचा पुठ्ठा त्याची जागा चांगली घेतो. तीन थरांचा पुठ्ठा साधारण ३ मिमी, पाच थरांचा ५ मिमीच्या पुढे. आतल्या नळ्या खांबात उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर खांब वजनाने बसतो. तीन फुटी खांबाला १० सेंमीची चौकोनी नळी करा आणि आत दर फुटाला एक चौकोनी पडदा चिकटवा. वरून खाकी टेप न लावता कागदाची पट्टी फेव्हिकॉलने लावली तर रंग नीट बसतो. रंगाचा पहिला हात अगदी पातळ, दोन्ही बाजूंना. समई आणि निरांजन आराशीच्या आत नकोत, पुढे मोकळ्या जागेत हवीत.

पहिले मॉडेल कोणते करावे?

सरळ भिंतींचे आणि थोड्या भागांचे. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे स्वतः मोजमाप घेऊन काढायला चांगली, कारण तिथे ठळक भिंती आहेत आणि नक्षीकाम कमी. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप मोहात पाडतो, पण तो नंतर. त्याला ४८ खांब आहेत आणि वर सुमारे १३ फूट व्यासाची गोल मोकळी जागा. १:१०० मध्ये ती ४ सेंमी होते. एवढे सारखे खांब करायचे तर आधी पुठ्ठ्याचा साचा करा, ज्यात प्रत्येक खांब त्याच उंचीवर चिकटेल, आणि चार-पाच खांब जादा छापा.

तयार आराखडे हवे असतील तर कॅनन क्रिएटिव्ह पार्कवर मोफत मिळतात. स्वतःच्या थ्रीडी मॉडेलचे पान उलगडायला पेपाकुरा हे जपानी सॉफ्टवेअर आहे, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही त्यासाठी ॲड-ऑन मिळते. पोलंडमध्ये १९५७ साली ‘माली मोडेलाश’ नावाचे कागदी मॉडेलचे नियतकालिक सुरू झाले. तिकडची विमाने बहुधा १:३३ आणि रणगाडे १:२५ मध्ये असतात.

मुलांना कोणत्या वयापासून कटर द्यावा?

दहाच्या आत नको. तोवर बोथट टोकाची कात्री, कांडीचा गोंद आणि १२० जीएसएमचा कागद. घड्या दाबायचे काम मात्र सहा वर्षांच्या मुलालाही जमते आणि आवडते.

डबा शेवटच्या बाजूला बंद होत नाही. कुठे चुकले?

शेवटची बाजू फक्त चूक दाखवते. चूक आधी झालेली असते: एखादी घडी रेघेच्या बाजूला पडलेली, किंवा टॅब पूर्ण आत न बसता किंचित बाहेर राहिलेला. चार जोडांत पाव-पाव मिमी साठले की शेवटी १ मिमीची फट दिसते. म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच जुळवून बघा. फट पडलीच तर ओढून बंद करू नका. ओला टूथपिक जोडावर दोन मिनिटे धरला तर फेव्हिकॉल मऊ होतो आणि पात्याने सोडवता येतो. लेझरच्या प्रिंटवर हे चालते, इंकजेटवर रंग पसरतो. तिथे जोड सोडवण्यापेक्षा ते पान पुन्हा छापा. त्यासाठी आराखड्याच्या प्रत्येक पानाची एक जादा प्रत सुरुवातीलाच काढून ठेवावी, त्याच यंत्रावर.

मॉडेल एसटीने किंवा दुचाकीवर न्यायचे आहे.

तळाला मॉडेलपेक्षा मोठा पुठ्ठा लावा आणि तो पुठ्ठा खोक्याच्या तळाला चार ठिकाणी चिकटवा. मॉडेलभोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबू नका, कठडे मोडतात. मॉडेल मधे सुटे उभे राहिले पाहिजे. मनोरे, कळस, झेंडे वेगळे काढता येतील असे बनवा आणि पोचल्यावर बसवा. पावसाचे दिवस असतील तर खोके प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पोचताच पिशवी उघडा, नाहीतर आत घाम धरतो.